वाड्याच्या विटकामाला गवंडी नेमताना

पुण्याच्या पेठा, वाई, सातारा, नाशिक, कुठलाही जुना वाडा घ्या, बांधणी साधारण सारखीच सापडते. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर चुन्यात बांधलेली विटांची जाड भिंत, वरच्या मजल्याला बऱ्याचदा मातीतलं विटकाम, आणि आतून भार पेलणारे सागवानी खांब नि तुळया. दोनशे वर्षं उभी असलेली ही भिंत एखाद्या पावसाळ्यात फुगते, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, आणि घरात ठरतं की ठेकेदार बोलवायचा. तो येतो, भिंतीवर दोन थापा मारतो आणि म्हणतो, "साहेब, हे सगळं काढून सिमेंटात करून टाकू, पन्नास वर्षं बघायला नको."

इथेच थांबायचं. हा माणूस वाईट नाही, नव्या बांधकामात कदाचित उत्तमही असेल, पण हे काम त्याचं नाही.

जुनी वीट आजच्यापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते. जमिनीतून, छपरातून भिंतीत आलेलं पाणी विटांमधल्या चुन्याच्या दरजांतून आणि गिलाव्यातून हळूहळू उडून जातं. वर सिमेंट थापलं की ती वाट बंद होते. पाणी विटेतून बाहेर पडायला बघतं, सोबत आणलेले क्षार विटेच्या दर्शनी भागामागे साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि विटेचा चेहराच गळून पडतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधल्या विटा खोल झिजलेल्या दिसतात, ते यामुळे. दरज पुन्हा भरता येते. त्या मापाची वीट पुन्हा मिळत नाही.

बोलावण्याआधी भिंत ओळखा

ठेकेदार दारात येण्याआधी चार गोष्टी तुम्हाला माहीत हव्यात, नाहीतर तो सांगेल तेच निदान.

पहिली, भिंत कशात बांधली आहे. निखळलेल्या दरजेतून बोराएवढा खडा काढा आणि वाटीभर पाण्यात टाका. पाच-दहा मिनिटांत विरघळून तळाशी गाळ बसला तर ती माती. तसाच राहिला तर वाळवून त्यावर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुना. करडा, किल्लीने ओरखडाही न उठणारा असेल तर मधल्या काळात कुणीतरी केलेली सिमेंटची डागडुजी. एकाच भिंतीत तिन्ही सापडतात, म्हणून खालून, मधून आणि वरून असे निदान तीन नमुने घ्या. मातीतली भिंत निघाली तर ठेकेदाराला ते ठळक सांगा, कारण सिमेंटच्या सवयीने त्यावर पाइप धरून पाणी मारलं तर आतली माती वाहून जाते.

दुसरी, भिंत पोकळ झाली आहे का. जाड भिंत बऱ्याचदा सलग विटांची नसते. आत आणि बाहेर विटांचा एकेक पदर, मध्ये दगड-विटांचे तुकडे, चुना आणि माती. पाणी शिरून मधली भर खाली बसली की बाहेरचा पदर पोटासारखा पुढे येतो. लाकडी हातोडीने हलकं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा. मग वरून ओळंबा सोडून फुगवटा किती ते मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा.

तिसरी, तडे जिवंत आहेत की जुने. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, वर तारीख घाला. दोन-तीन महिन्यांत काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखा तिरका गेलेला तडा बहुतेक वेळा पाया खचल्याचा असतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यातला उभा तडा भिंती एकमेकींपासून सुटल्याचा. हलणाऱ्या भिंतीत तडा बुजवणं म्हणजे पैसे बुजवणं.

चौथी, पाणी येतं कुठून. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. फुटकी कौलं, तुंबलेली पन्हळ, भिंतीलगत वाढवलेली अंगणाची फरशी, आणि वाड्यांची खास खोड म्हणजे भाडेकरूंच्या सोयीसाठी वरच्या मजल्यावर मागाहून काढलेली मोरी किंवा संडास. तिचा पाइप भिंतीतून जातो आणि कुठेतरी सांध्यात पाझरतो. ओल जमिनीपासून कमरेपर्यंत सारखी असेल तर पाणी पायातून चढतंय. एकाच जागी डागासारखी असेल तर वरून किंवा नळातून. भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवा. हिवाळ्यात काम सुरू होताना भिंत कोरडी दिसते आणि दुखणं लपतं.

पाण्याचा बंदोबस्त गवंड्याच्या आधी करा. उलटा क्रम लावलात तर नवा गिलावा पहिल्याच पावसाळ्यात फुगणार आणि दोष चुन्याला लागणार.

परवानगी, शेजारी, भाडेकरू

तडा जिवंत असेल, फुगवटा दोन-अडीच इंचांच्या पुढे असेल किंवा तुळईचं टोक कुजलं असेल तर गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवा. जुन्या बांधणीचा अनुभव आहे का, हे त्यालाही विचारा. काहीजण प्रत्येक प्रश्नाला आरसीसीचा खांब हेच उत्तर देतात. वाडा मोठा असेल तर कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्टची फी वसूल होते. नावं मिळवायला इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची स्थानिक शाखा उपयोगी पडते.

वाडा पालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत, हे आधी पाहा. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत घर असेल तर नव्या बांधकामाला बंदी आहे आणि दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यातही परवानगी लागतेच. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने हे ठरलं आहे. बाकी ठिकाणीही वॉर्ड ऑफिसात दुरुस्तीचं पत्र देऊन पोच घ्या. तक्रार आली तर तो कागद कामाला येतो.

पेठेत भिंत सहसा सामाईक असते. शेजाऱ्याची लेखी संमती आणि त्याच्या बाजूचे कामाआधीचे फोटो, दोन्ही हवेत. भाडेकरू असतील तर त्यांनाही लेखी कळवा. दुरुस्तीच्या नावाखाली आपल्याला बाहेर काढतील, ही भीती त्यांना असते आणि काम तिथेच अडतं.

गवंडी शोधायचा, ठेकेदार नंतर

नवख्या माणसाची चूक अशी की तो ठेकेदाराशी बोलतो, त्याचं ऑफिस नि व्हिजिटिंग कार्ड पाहतो, आणि भिंतीला हात लावणारा माणूस कामाच्या पहिल्या दिवशीच बघतो. ठेकेदार पैसे, माणसं नि माल आणतो. चुना मळतो आणि लावतो तो गवंडी. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा, "काम करणार तो मिस्त्री घेऊन या."

शोधायचा कुठे? जवळपास एखाद्या देवळाचं, घाटाचं किंवा वाड्याचं चुन्यात काम झालं असेल तर तिथे जा आणि कुणी केलं ते विचारा. काम दोन-तीन पावसाळे जुनं असलेलं चांगलं. परवा झालेलं काम सगळंच छान दिसतं. तिथे दरजांवरून अंगठ्याचं नख फिरवा. भुगा पडत असेल तर चुना कच्चा राहिला किंवा उन्हात लवकर सुकला. करडी दगडासारखी दरज लागली तर चुन्याच्या नावावर सिमेंट गेलंय.

मिस्त्रीला विचारायचे प्रश्न थोडेच:

चुना कुठून आणता, आणि किती दिवस भिजवता? "पोत्यातला आणतो, सकाळी कालवून दुपारी लावतो" असं उत्तर आलं तर ती भेट चहावर संपवा.

जुनी दरज कशाने खरवडता? छिन्नी-हातोडी हे बरोबर उत्तर. ग्राइंडर म्हणणाऱ्याला नको. चकती विटेच्या कडा खाते आणि जुनी पातळ दरज कायमची रुंद होते.

लावल्यावर किती दिवस ओलं ठेवता, आणि कसं? निदान सात दिवस, ओल्या गोणपाटाने, असं काहीतरी ऐकू यायला हवं.

चुन्यात थोडं सिमेंट घालता का? इथे "थोडंसं, पकड यायला" म्हणणारे बरेच भेटतील. त्यामुळे माल लवकर घट्ट होतो आणि गवंड्याची सोय होते, पण चुन्याची श्वास घेणारी जाळी बंद होत जाते आणि सिमेंटचा अर्धवट गुणही मिळत नाही.

नमुना केल्याशिवाय काम द्यायचं नाही

तिघांकडून दर मागवा, पण तिघांकडून नमुनाही करून घ्या, आणि त्याचे पैसे द्या. भिंतीच्या कमी दिसणाऱ्या भागात प्रत्येकाला तीन बाय तीन फुटांची जागा आखून द्या. त्यात जुनी दरज काढणं, चार-पाच खराब विटा बदलणं, टिपकारी (दरजा नव्याने भरणं) आणि कोपऱ्यात फूटभर गिलावा एवढं सगळं यायला हवं.

करताना शेजारी उभे राहा, बोलू नका. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट किंवा पाऊण ते एक इंच खोल काढतो का? पुढचाच अर्धा इंच खरवडला तर नवा चुना खपलीसारखा सुटतो. काढल्यावर ब्रशने धूळ झाडतो का, आणि भरण्याआधी भिंत भिजवतो का? कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि चुना मरतो. माल दाबून, दोन-तीन थरांत भरतो की थापीने वरून चोपडतो? शेवटी दरज विटेच्या कडेपेक्षा किंचित आत बसवतो की विटेवर पसरवतो? विटेवर आलेला माल तो लगेच पुसतो का, हेही बघा. हात चांगला असला की भिंत काम संपल्यावरही विटांचीच दिसते.

नमुना महिनाभर तसाच ठेवा. बारीक जाळीदार भेगा आल्या तर माल फार ओला होता किंवा वाळू फार बारीक होती. कडेने दरज सुटली तर भिंत भिजवली नव्हती. जो नमुना पसंत पडेल तो मोडू देऊ नका. पुढच्या सगळ्या कामाचं माप तोच, आणि करारात त्याचा उल्लेख हवा.

दर आणि करार

उक्तं काम, म्हणजे सगळ्या कामाला एकच ठोक रक्कम, असं देऊ नका. वाड्याच्या भिंतीत काय निघेल ते उघडल्यावरच कळतं. उक्त्यात ठेकेदार एक तर धोका धरून दर फुगवतो, नाहीतर कमी दर घेऊन आतलं कुजकं तसंच झाकतो. मोजता येणाऱ्या कामांचे दर मापावर घ्या. टिपकारी आणि गिलावा चौरस फुटावर किंवा ब्रासवर, विटा बदलणं नगावर, सलग विटकाम घनफुटावर. क्षेत्रफळाचा ब्रास १०० चौरस फुटांचा आणि घनमापाचा १०० घनफुटांचा, हे दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा; वाद इथूनच सुरू होतात. आत दडलेल्या कामांना, म्हणजे पोकळी भरणं, तुळईच्या टोकाशी चाचपडणं वगैरे, रोजंदारी ठरवा: गवंडी आणि बिगारी यांचे दर वेगळे, आणि रोज संध्याकाळी हजेरीवर दोघांची सही.

दरात काय धरलंय ते शब्दांत उतरवा. परांची, पाणी, वीज, टेकू, राडारोडा उचलून पालिकेने ठरवलेल्या जागी टाकणं आणि जीएसटी, हे मागाहून निघणारे खर्च आहेत.

आणखी तीन कलमं विसरू नका. एक, ठरलेल्या मालात सिमेंट, जिप्सम किंवा कुठलंही रसायन लेखी परवानगीशिवाय घालायचं नाही. दोन, निघालेल्या विटा, दगड आणि सगळं लाकूड घरमालकाचं. जुन्या सागवानाला बाजारात चांगली किंमत येते, आणि "ही तुळई कुजलीय, घेऊन जातो" असं कुणी म्हणालं तरी टोकाकडची फूटभर कूज सोडून बाकीची तुळई खणखणीत असू शकते. तीन, मजुरांचा विमा ठेकेदाराचा. पॉलिसीची प्रत परांची चढायच्या आधी हातात हवी.

माल

चुना: कळीचा, म्हणजे न भिजवलेला, चुना घ्यायचा तर ढेकळं घ्या. भुगा झालेला चुना हवा लागून मेलेला असतो. ताजं ढेकूळ पाण्यात पडलं की सूं आवाज करत उकळतं आणि फुटतं. भिजवताना टाकीत आधी पाणी आणि मग चुना, उलटं कधीच नाही. उसळून डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा नि हातमोजे लागतातच. निवलेला चुना बारीक चाळणीतून गाळून पाण्याखाली निदान तीन-चार आठवडे मुरू द्या. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो, आणि न फुटलेला खडा मागे राहत नाही. असा खडा गिलाव्यात गेला तर महिन्या-दोन महिन्यांनी फुटतो आणि वाटाण्याएवढे खड्डे पडतात. तयार पोत्यांतला हायड्रॉलिक, म्हणजे ओलीतही घट्ट होणारा, चुनाही मिळतो. त्यातला २ किंवा ३.५ दर्जाचा मऊ विटेला चालतो, ५ चा फार कडक होतो.

प्रमाण: साध्या टिपकारीला एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग वाळू. ओल राहणाऱ्या जागी एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड; ती चुन्याला ओलीतही घट्ट व्हायला मदत करते. मात्र ती मातीच्या चांगल्या भाजलेल्या विटेची हवी, सिमेंट चिकटलेल्या राडारोड्याची नको. गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळ, ताग हे पारंपरिक घटक गवंडी सुचवतो. त्याने नमुन्यात वापरून दाखवले असतील तर वापरू द्या, पण त्यांच्या नावाखाली मूळ चुना कमी मुरवलेला चालणार नाही.

वाळू: पारदर्शक बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन-चार तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर धुवून घ्या. क्रश सँड वापरायची असेल तर चाळून, आणि नमुना तिच्यातच करून.

वीट: आधी स्वतःच्याच वाड्यातून निघालेली धड वीट वापरा, उलटी फिरवून आतला चांगला चेहरा बाहेर आणा. कमी पडल्या तर जुन्या पाडकामातल्या घ्या. नवी घ्यायची तर दोन विटा एकमेकींवर आपटा, आवाज खणखणीत हवा. नखाने ओरखडा उठायला नको. २४ तास पाण्यात ठेवून वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढायला नको. आजची वीट जुन्यापेक्षा जाड असते, त्यामुळे थर जुळत नाहीत. मापाची वीट भट्टीवर पाडून घ्यावी लागली तर ती ऑर्डर दिवाळीच्या आधी द्या.

हिशेबासाठी: वीस मिलिमीटर जाडीच्या एका ब्रास गिलाव्याला, जुन्या भिंतीचे खड्डे धरून, साधारण १० घनफूट कोरडा माल लागतो. म्हणजे एक-तीनच्या प्रमाणात अडीच घनफूट चुना आणि साडेसात घनफूट वाळू. आजच्या विटेच्या नऊ इंची भिंतीला चौरस फुटाला दहाएक विटा.

काम चालू असताना

सुरुवात पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरअखेर. गिलावा आणि टिपकारी डिसेंबर-जानेवारीत पडेल असं बघा. एप्रिलच्या उन्हात चुना बाहेरून सुकतो आणि आत कच्चा राहतो. करावंच लागलं तर दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर गोणपाटाचे पडदे लावून सकाळीच काम करा.

फुगलेला भाग एकदम उघडू देऊ नका. वरच्या तुळयांना टेकू दिल्यावर एका वेळी तीन फुटांपेक्षा जास्त लांबी काढायची नाही, आणि लगेच शेजारची न काढता एक तुकडा सोडून पुढचा. नवं विटकाम जुन्याला दातांसारखं गुंफून, सांधमोड राखून, म्हणजे वरखालचे उभे सांधे एका रेषेत येऊ न देता. दर चार-पाच थरांनी एक लांब वीट किंवा दगड आडवा घालून आतला नि बाहेरचा पदर बांधून घ्यायचा. वरच्या जुन्या थराखालची फट दगडी चिपा आणि घट्ट मालाने ठासून भरायची. चुना सावकाश जोर धरतो, म्हणून टेकू किमान तीन आठवडे. मजूर दुसऱ्या कामाला न्यायचे म्हणून ते लवकर निघतात. त्यावर तुमचं लक्ष हवं.

भिंतीत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो ओढून काढायचा नाही, भिंतच सोबत येते. खोड कापून ताज्या कापावर मूळ मारणारं औषध लावायचं, मूळ मेल्यावर तेवढ्याच विटा उतरवून ते बाहेर काढायचं आणि भाग पुन्हा बांधायचा.

रोजची तपासणी पाच मिनिटांची. मालाचं घमेलं बघा, पांढरट किंवा सुरखीमुळे फिकट तांबूस हवं. करडी झाक आली तर सिमेंट. काल भरलेल्या दरजेत खिळा दाबा, मुरवलेल्या चुन्यात तो अजून रुतायला हवा. दुसऱ्याच दिवशी दगड झाली असेल तर काम थांबवून विचारा. गोणपाट दुपारी ओलं आहे का, हे हात लावून बघा. आणि दिवसाचं काम किती झालं? साध्या सिमेंटच्या गिलाव्यात एक गवंडी दिवसाला ८० ते १०० चौरस फूट करतो. चुन्याच्या टिपकारीत कुणी तेवढं काढून दाखवत असेल तर खोली मोजा.

काम झाल्यावर भिंतीवर ॲक्रिलिक रंग, सिलिकॉनचं कोटिंग किंवा खालच्या ओल्या पट्ट्यावर टाइल्स लावू नका. टाइल्सने ओल जात नाही, दोन फूट आणखी वर चढते. चुन्याची सफेदी द्या, किंवा विटा उघड्याच ठेवा.

पैसे

उचल दहा टक्क्यांच्या वर नको. चुना आधी भिजवायचा असल्याने तेवढी रास्त आहे. पुढचे हप्ते फक्त मोजून. दर पंधरा दिवसांनी तुम्ही, ठेकेदार आणि टेप. माप वहीत, दोघांच्या सह्या, मग बिल. झाकलं जाणारं प्रत्येक काम झाकण्याआधी टेप लावून फोटो.

प्रत्येक बिलातून दहा टक्के राखून ठेवा, आणि ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावर द्यायचे हे करारात लिहा. जो गवंडी याला हरकत घेत नाही तो बहुधा कामाचा. ऑक्टोबरात त्याला बोलवा, गेल्या जुलैचे फोटो समोर ठेवा आणि दोघांनी मिळून भिंत ठोकून बघा. बद्द आवाज आलेल्या जागा तो दुरुस्त करतो, मग उरलेले पैसे. पहिल्या वर्षी क्षारांचा पांढरा लोणा थोडा फुटतोच. कोरड्या ब्रशने झाडून टाका, पाण्याने धुऊ नका, नाहीतर तो पुन्हा भिंतीत शिरतो.